आरशातलं हातातल्यावर बसत नाही

सोमवार, ४

पोचलो एकदाचा, आणि नोकरी झकास आहे. युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री खात्यात काचेची भांडी धुवायची. पोरं दिवसभर प्रयोग करून चंबू, नळ्या, नरसाळी बरबटवून ठेवतात. मी आधी ॲसिटोनने खंगाळतो, मग ब्रश मारतो, मग ओव्हनमध्ये वाळायला लावतो. धुण्याची खोली माझी एकट्याची. मोठं सिंक, उंच खिडकी आणि सिंकवर भिंतभर आरसा. इथे आरसा कशाला, असं स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, तर म्हणाले, भांडी घासताना स्वतःचं थोबाड बघून माणूस नम्र राहतो. मी आठवीतून शाळा सोडली हे कळल्यापासून ते मला पंडित म्हणतात.

खरी गोष्ट पुढेच आहे. इथे ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा एक पेपर नोकरमाणसांनाही देता येतो. पास झालो तर सिंक सुटलं, प्रयोगशाळेत टेबलाशी कायमची जागा. नापास झालो तर घरी, दादाच्या वर्कशॉपात, त्याच्या शिव्या खात. निघताना तो म्हणालाच होता, जा हवा खाऊन ये, तुझा पाना इथेच टांगून ठेवतो. आता बघच म्हणावं.

शिकवणाऱ्या मॅडमनी मागच्या बाकावर बसू दिलं, पण एका अटीवर. रोज चार ओळी लिहायच्या, हात वळला पाहिजे. म्हणून ही वही.

गुरुवार, ७

आज डोकं तापलं, पण मजा आली. कार्बनला चार हात असतात. चार हातांत चार वेगळ्या वस्तू दिल्या की त्याच वस्तूंची दोन रूपं होतात, एक डावं, एक उजवं. दिसायला सारखीच, पण एकावर एक ठेवली तर बसत नाहीत. मॅडम म्हणाल्या, उजवा हातमोजा डाव्या हातात घालून बघ.

मग त्यांनी दोन बाटल्या फिरवल्या. द्रव्य तेच, फक्त एक दुसऱ्याचं प्रतिबिंब. एकीला पुदिन्याचा वास, दुसरीला शहाजिऱ्याचा! नाकाला डावं-उजवं कळतं आणि मला कळत नाही, म्हणजे कमाल झाली.

पोटालाही कळतं म्हणे. आपल्या अन्नातली साखर एकाच हाताची. उलट्या हाताची दिली तर जीभ गोड म्हणेल, पण शरीर तिला हात लावणार नाही, आली तशी जाईल. माझ्या तोंडून निघून गेलं, म्हणजे अंगी लागणार नाही. सगळा वर्ग हसला. मॅडम मात्र म्हणाल्या, अगदी हाच शब्द, आणि फळ्यावर लिहिला. आई फोनवर रोज हेच विचारते, खातोस ते अंगी लागतं का रे.

सोमवार, ११

डावं-उजवं ओळखण्यात मी सपशेल गाढव आहे. दहा आकृत्या काढल्या, नऊ उलट्या. दहावी चुकून बरोबर.

मॅडमनी उपाय सांगितला. त्यांच्याकडे रंगीत गोळे आणि काड्या आहेत, त्यांचा रेणू बनवायचा. तो आरशासमोर धरायचा. आरशात दिसतो तसा दुसरा बनवायचा. मग दोन्ही एकावर एक ठेवायचे. जुळणार नाहीत. त्या म्हणाल्या, हे एकदा हाताला पटलं की डोक्याला पटतं. आरशातलं हातातल्यावर कधी बसत नाही.

धुण्याच्या खोलीत करून बघितलं. बसलं. लालवर लाल, हिरव्यावर हिरवा, चारही.

पुन्हा केलं. पुन्हा बसलं. च्यायला.

बुधवार, १३

मॅडमना सांगितलं. त्या दमून हसल्या. म्हणाल्या, आरशात न बघता तू हातातल्याकडे बघून बनवतोस, सगळे नवशिके हेच करतात. मी शपथेवर सांगितलं, आरशातच बघत होतो. त्या म्हणाल्या, शपथेने रेणू फिरत नाही.

काकांना ओढून आणलं. त्यांनी आरशात बघून बनवला. नाही जुळला. मॅडमनी बनवला. नाही जुळला. मग त्यांच्यादेखत मी बनवला, आणि चारही गोळे चपखल बसले. काका म्हणाले, पंडित, हा नाद सोड, तुला चपलासुद्धा उलट्या घालताना बघितलंय मी.

मॅडमच्या चेहऱ्यावर कीव होती. त्यापेक्षा दादाच्या शिव्या परवडल्या. पेपर पुढच्या आठवड्यात, आणि मी अजून बालवाडीत.

शुक्रवार, १५

आज बनवायचं सोडून नुसतं बघत उभा राहिलो.

माझा अंगठा लाल गोळ्यावर होता. आरशातल्याचा हिरव्यावर.

गोळे फिरवले. त्यानेही फिरवले. चेहरा माझा, शर्ट माझा, कोपरावरची फाटसुद्धा माझी. पण अंगठा हिरव्यावर. म्हणजे माझी चूक नव्हतीच! तो माझं प्रतिबिंब धरत नाहीये. माझ्या हातात आहे तेच त्याने तिकडे धरलंय.

पळत मॅडमकडे गेलो. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाल्या, झोप नीट घे, आणि आरसा बंद, आता कागदावर कर. कुणाला सांगू? जे सांगायचं ते सांगितलं की बरोब्बर ढ माणसाच्या चुकीसारखंच ऐकू येतं.

सोमवार, १८

पेपर गुरुवारी. कागदावर सगळं उलटं. सगळं.

दुपारी टाळकं सरकलं. रेणू घेतला आणि सरळ आरशाला टेकवला. म्हटलं, नीट धर लेका, तुझ्यापायी माझी नोकरी जाईल. त्यानेही टेकवला. काच गार लागली, ॲसिटोन हातावरून उडतं तशी. मग ओढ बसली. रेणू बोटांतून गेला, आणि बोटांत रेणू होताच. पोटात असं झालं, की हातमोजा आतून बाहेर उलटावा.

सिंकमध्ये ओकलो. तोंड धुतलं. वर बघितलं तर त्याचा अंगठा लालवर. माझाही लालवर.

आरशात बघून दुसरा बनवला. नाही जुळला. पहिल्यांदाच नाही जुळला! खोलीभर नाचलो.

गुरुवार, २१

पेपर दिला. डावं-उजवं धडाधड येत होतं. जे पहिलं सुचेल तेच बरोबर. लेखणी मात्र डाव्या हातात होती. शेवटच्या पानावर लक्षात आलं.

आता हेही डाव्यानेच लिहितोय. अक्षर सुधारलंय.

सोमवार, २५

पास. वर्गात दुसरा. मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. काका म्हणाले, पंडित खरोखरचा पंडित निघाला की, आता आम्हाला साहेब म्हणावं लागणार. उद्यापासून टेबल. दादाला फोन केला, तो नुसता हं म्हणाला. याच एका हं साठी जीव आटवला होता.

पँट कमरेवर राहत नाही. दोरी बांधलीय. भूक भयंकर आहे. ताट संपवतो, दुसरं संपवतो, उठलो की पुन्हा तेवढीच भूक.

बुधवार, २७

एक चंबू हुंगला. शहाजिरं. शेजारच्या टेबलाची पोरगी म्हणाली, छे, पुदिना. तिघांना विचारलं. पुदिना. पुदिना. पुदिना.

मूठभर साखर खाल्ली. गोड लागली. भूक तशीच. मॅडमचं ते वाक्य — आली तशी जाईल —

मी सुधारलो नव्हतो. मला उलटं केलंय.

गुरुवार, २८

दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नळी छातीला डावीकडे लावली. कान दिले. पुन्हा लावली. मग उजवीकडे. म्हणाले, काही माणसांचं काळीज उजवीकडे असतं, घाबरू नकोस, तुझं जन्मापासूनचंच असणार. नाही म्हटलं. ते हसले. म्हणाले, तुला डावं-उजवं कळतं ना?

मला —

आईचा फोन. अंगी लागतं का रे. हो म्हटलं.

शुक्रवार, २९

धुण्याच्या खोलीत आलोय. दुपार. जिना चढताना दोनदा बसलो. वही सिंकच्या कडेवर ठेवून लिहितोय.

तो आहे. गाल भरलेत. माझं खाणं त्याच्या अंगी —

रेणू काचेला टेकवला. म्हटलं, परत घे. पास नको. टेबल नको. दादाचा पाना चालेल. माझं मला दे.

त्याने रेणू खाली ठेवला. माझा अजून माझ्या हातातच आहे. त्याने ठेवला. दोन्ही हात खिशात घातले.

काचेवर मुठी आपटल्या. फुटत नाही. गारही लागत नाही आता.

बाहेर मॅडम हाक मारतायत. नवीन टेबल दाखवायचंय म्हणे. ओ द्यायला जातो तर आवाज —

आरशात कुणी नाही. सिंक आहे. खिडकी आहे. मी नाही, तोही —

दाराबाहेर मॅडम हसल्या. म्हणतायत, अरे वा, आलास का, तब्येत सुधारली की तुझी, चल. दोघांची पावलं —

मॅडम, मी इथे आहे, तो मी नाही, मी अजून ओ दिलेली ना