दादा, मी आणि पाचवा ट्रॅक

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण २८ फेब्रुवारीला आमचं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे. जॅझ. माणसं दोनच. सॅक्सोफोन मी. ड्रम, कोंगा, झांजा आणि आपटता येईल ते सगळं दादा. एकोणीस वर्षं एकत्र वाजवतोय, आजवर एक धड रेकॉर्ड नाही. पुढेमागे कुणी माझ्यावर लिहायला बसलं तर त्याची पंचाईत व्हायला नको.
संकल्प: रोज पहाटे साडेपाचला एक तास लांब सूर. लोणचं बंद.

४ जानेवारी, सकाळी ८.१०
अलार्ममध्ये बिघाड असावा.

९ जानेवारी
दादाकडे तालीम. दादा शाळेत सुतारकाम शिकवतो, त्यामुळे मागच्या खोलीत अर्ध्या भागात फळ्या आणि अर्ध्यात ड्रम. वीस मिनिटं बेल वाजवत होतो. शेवटी वहिनी बाजारातून आली, तिने किल्लीने दार उघडलं. दादा आत निवांत फळी घासत बसलेला. वर मलाच म्हणाला, उशीर केलास भोंग्या.
भोंगा हे माझं लहानपणचं नाव. प्रेमाचं आहे.
दुसऱ्या गाण्यात त्याला म्हटलं, हळू घे. त्याने अजून जोरात घेतलं. म्हणे त्याला 'चालू दे' ऐकू आलं. मोठा भाऊ झाला म्हणून किती ऐकून घ्यायचं. माझं नाव होणार हे त्याला कुठेतरी खुपतंय.

१७ जानेवारी
पहाटेचा सूर आता संध्याकाळी. थंडीत सॅक्सच्या तोंडाची रीड फुटते. (फुटली नाही. फुटू शकते.)
लाँड्रीत काउंटरखाली बोटांचा सराव केला. मालकीणबाईंनी विचारलं, खाज सुटलीय का. कलाकाराने नोकरी करू नये ती यासाठी.

२४ जानेवारी
वहिनी लाँड्रीत आली. दोन चादरी. पावती घेऊनही जाईना. मग म्हणाली, ह्यांचे कान गेलेत. डावा पूर्ण. उजवा जातोय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळाभर टिकला तरी खूप. तुम्हाला सांगू नको म्हणालेत, म्हणून सांगतेय.
मी म्हटलं, मळ असेल. कोमट तेल घाल.
तिने माझ्याकडे बघितलं आणि गेली. वहिनी पहिल्यापासून घाबरट. इतकी वर्षं करवतीच्या मशीनशेजारी उभं राहिल्यावर थोडंफार होणारच. शिवाय माणूस बहिरा असता तर ठेका कसा धरला असता? या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. तोवर ती गेली होती म्हणा.

२ फेब्रुवारी
उत्तम तालीम. दादा सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. बोटांकडे, खांद्यांकडे, श्वास घेताना पोटाकडेसुद्धा. एकोणीस वर्षांत असं बघितलं नव्हतं त्याने. कौतुक आहे ते. उशिरा का होईना.
संपल्यावर म्हणाला, रेकॉर्डिंगला असाच माझ्यासमोर उभा राहा. फिरू नकोस. तू दिसलास की मी पकडतो.
बरं म्हटलं. एवढं काय त्यात.

१३ फेब्रुवारी
साउंडवाला आला. वाचनालयाचा वरचा हॉल ठरला, साठ खुर्च्या. त्याचंही तेच, समोरासमोर उभे राहा. मी म्हटलं, लोकांना माझा चेहरा दिसायला हवा. तो म्हणाला, रेकॉर्डमध्ये चेहरा येत नाही. तांत्रिक माणसं.

२७ फेब्रुवारी
लोणचं खाल्लं. शेवटचं.

१ मार्च
काल झालं. नीट लिहून ठेवतो.
पहिली चार गाणी अशी झाली की मलाच कळेना कोण वाजवतंय. दादाचे डोळे माझ्यावर आणि हात कुठेतरी स्वतःच्याच नादात. मी श्वास घेतला की तिथे त्याची झांज आधीच पोचलेली.
पाचवं 'आईचं मशीन'. आई कपडे शिवायची, आम्ही दोघं मशीनखालीच गोधडी टाकून झोपायचो. दादा ड्रमवर तारेच्या ब्रशने मशीनच्या पायट्याचा तो ठेका धरतो आणि वर माझा सूर. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांच्याकडे वळलो. थोडासाच. मग लोक बघताहेत म्हटल्यावर अजून थोडा. मग डोळे मिटले. मग सूर चढला तशी लय वाढली. माझीच वाढली.
मी संपवलं. दोन-चार टाळ्या पडल्या आणि थांबल्या. पाठीमागे मशीन चालूच होतं.
दादा मान खाली घालून वाजवत होता. मी दिसेनासा झाल्यावर त्याने पुढचं अंदाजाने धरलं असणार. मी सोबत आहे असं धरून. चार पावलांवर होता. जाऊन खांद्याला हात लावायचा. मी सॅक्स गळ्यात घेऊन तसाच उभा राहिलो, पाठ करून.
शेवटी तिसऱ्या रांगेतून वहिनी उठली आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो थांबला. मग सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्याला वाटलं, आत्ताच संपलं, दोघांचं मिळून. उठून माझ्या शेजारी आला, लोकांना वाकून नमस्कार केला. माझ्या कानाशी म्हणाला, शेवट छान केलास.

४ मार्च
चूक कुणाची हे उगाळण्यात अर्थ नाही. हॉल लांबट होता. त्या बाईंनी ऐन वेळी चष्मा काढायला नको होता.

१२ मार्च
साउंडवाल्याचा फोन. म्हणाला, पाचवा ट्रॅक तुम्ही संपवता तिथे कापू शकतो, पण कापू नये. शेवटची दीड मिनिटं सगळ्या रेकॉर्डमध्ये सर्वांत चांगली आहेत.
म्हणजे मी नाही ती.
विचार करून सांगतो म्हटलं. रागावलो नाही. चार वेळा ऐकलं. नुसता ब्रश, एका खुर्चीची करकर आणि कुणाचातरी खोकला. बरोबर बोलतोय तो.
कापू नका म्हणून कळवलं.

२० मार्च
दादाला रेकॉर्ड ऐकायचं होतं, उजवा कान आहे तोवर. हेडफोन लावला, आवाज पूर्ण. इतका की मला लांबून सगळं ऐकू येत होतं. पहिली चार गाणी हसत ऐकली. पाचव्याच्या शेवटी हसू गेलं. हेडफोन कानावर दाबला. मागे नेऊन परत ऐकलं. मग मला विचारलं, इथे तू ऐकू येत नाहीस. वाजवतोयस ना?
मी मान हलवली. वाजवतोय. बारीक आहे.
दादा म्हणाला, मग हाही गेला म्हणायचा.
हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

२१ मार्च
त्याला बरं वाटावं म्हणून बोललो होतो.

२३ मार्च
खोटं आहे. मला बरं वाटावं म्हणून बोललो.

२९ मार्च
वहिनीचा फोन. दादाने ड्रम शाळेला देऊन टाकले. आठवडाभर कुणाशी बोललेला नाही.

३० मार्च, दुपारी
लाँड्रीतून सुट्टी घेऊन गेलो. बोलून जमेना म्हणून पावतीच्या मागे लिहून दिलं. पाचव्यात शेवटी मी नाही. मी आधीच संपवलं होतं, लोकांकडे वळून. तू एकटा वाजवत होतास. तुझा कान बरोबर आहे.
त्याने चष्मा लावून वाचलं. दोनदा. मग म्हणाला, मला शंका आलीच होती. इतकं बारीक वाजवायला तुला कुठे येतं.
मी हसलो. तो हसला नाही.
बस म्हणाला. बसलो. ड्रम होते तिथे जमिनीवर चार गोल डाग, बाकी फळ्या. वहिनीने चहा आणून ठेवला. मी एक शब्द बोललो नाही. दादा मात्र सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत होता, बोललोच तर चुकायला नको म्हणून.