पांढरा चौकोन

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून लॅपटॉप जाहिरातमुक्त. काल रोडपालीच्या दादूकाकांच्या प्लॉटचे कागद स्कॅन करून ईमेलमध्ये ठेवत होतो, तर दर मिनिटाला गुडघेदुखीचं तेल. मिठागर सरकारी प्रकल्पात गेलं, त्याच्या बदल्यात काकांना हा एकच प्लॉट मिळालाय. त्यावर घर बांधायचंय. सगळ्या भाऊबंदांचे कागद माझ्याकडेच असतात. घराण्यात कॉम्प्युटर मलाच कळतो.

दुपारी
जाहिराती अडवणारा फुकट ब्लॉकर सापडला. ब्राउझरच्या अधिकृत यादीत नाही, म्हणजे खास असणार. परवानगी मागितली: सर्व वेबसाइटवरचा सगळा मजकूर वाचणे आणि बदलणे. दिली. राखणदाराला घरात काय आहे ते माहीत नको? भावना म्हणाली, आधी कुणा जाणकाराला विचारा. बायकोला अजून माझी ओळख पटलेली नाही.

४ नोव्हेंबर
पासवर्ड मजबूत केला. ‘एकवीरा१२३’ होता, मध्ये @ घातला. गावात निम्म्या लोकांचा हाच आहे, त्यामुळे विसरायची भीती नाही. आई राखेल.

६ नोव्हेंबर
एकही जाहिरात नाही. फक्त एक मेल: अनोळखी ठिकाणाहून तुमचं खातं उघडलं गेलंय. घाबरवून काहीतरी विकायचं, दुसरं काय. असे मेल परस्पर कचऱ्यात जातील अशी सोय केली.

११ नोव्हेंबर
काकांचा फोन. म्हणाले, इनायका, आपल्या प्लॉटवर मानसं येऊन माप घेतान, मना बरा वाटत नाय. म्हटलं, सरकारी सर्व्हे असेल. काका उगाच घाबरतात.

१३ नोव्हेंबर
चुलतभाऊ हरेश भेटला. कागद अजून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवणारा माणूस. म्हणे, काकांचा प्लॉट विकायची जाहिरात फोनवर पाहिली. घरी येऊन तेच पान उघडलं. जाहिरातीच्या जागी पांढरा चौकोन. काही नाही. तरी जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळी ११
काका आणि शांतीकाकू आले. बरोबर अपूर्व नावाचा माणूस, हातात नारळ. काकांच्या प्लॉटवर भूमिपूजनाला आला होता. प्लॉटसाठी आगाऊ टोकन दिलंय म्हणतो, माझ्या मेलवरून बोलणं झालंय म्हणतो. काकांनी फोनवर ती जाहिरात दाखवली. माझ्या लॅपटॉपवर पांढरा चौकोन. ब्लॉकर बंद केला.

चौकोनात काका-काकू प्लॉटसमोर उभे. फोटो मीच काढलेला, कागदांबरोबर ईमेलमध्ये ठेवलेला. खाली: मालकाचे पुतणे विनायक यांच्यामार्फत. नंबर माझा नाही.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, माजा कागद दे. कपाटातून मूळ कागद काढून दिला.

दुपारी
भावना सगळ्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. मला चल म्हणाली नाही. कागद आता हरेशच्या ट्रंकेत राहणार, असं जाताना काकू म्हणत होत्या.

संध्याकाळी ६
अजून कुणी आलेलं नाही. ब्लॉकर पुन्हा चालू केला. आता जाहिरात दिसत नाही.