कोणाची वाट पाहू नये

दि. १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी वांग्यांचा तोडा झाला. चार क्रेट अकोल्याच्या गाडीत चढवले, आंघोळ केली आणि अकरा वाजता मूर्तिजापूरला नोटरीकडे आलो. दोन साक्षीदार सोबत आहेत. दोघेही नात्यातले नाहीत.

मी, सूर्यभान डोमाजी निमकर्डे, वय एकाहत्तर, धंदा भाजीपाल्याची शेती, शिक्षण जुनी मॅट्रिक. माझे डोके शाबूत आहे आणि हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही. शेत व घराचे मृत्युपत्र वेगळे नोंदवले आहे. हा कागद फक्त माझ्या शरीरापुरता आहे. मला बोलता येत नसेल तेव्हा हेच माझे म्हणणे समजावे.

१) मी बरा होण्याची आशा नाही असे डॉक्टरांच्या मंडळाने ठरवले, तर माझ्या घशात नळी घालू नये, श्वासाच्या मशीनवर ठेवू नये, छाती दाबू नये, डायलिसिस करू नये. घातलेली नळी असल्यास काढावी. दुखण्याचे औषध द्यावे, अंग स्वच्छ ठेवावे, आणि जमल्यास घरी आणावे.

२) माझे हात पलंगाला बांधू नयेत.

३) कोणी दूरगावाहून यायचे आहे म्हणून मला ठेवू नये. कोणाचीही वाट पाहू नये. मुलगी चंदा हिचीसुद्धा नाही.

या कलमाचे कारण लिहिणे भाग आहे. गेल्या फेब्रुवारीत माझी पत्नी आशाबाई हिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. अमरावतीच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले की शुद्ध येणे कठीण आहे, नळी टाकायची की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्या घरात लेकीच्या हातचे पाणी तोंडात पडल्याशिवाय आईला जाऊ देत नाहीत. चंदा तेजपूरहून निघाली होती. तीन दिवसांचा प्रश्न आहे असे समजून मी सही केली. चंदा चौथ्या दिवशी आली, पण तोंडात नळी असल्यामुळे पाणी पाजता आले नाही. नर्सने ओला कापूस ओठांना लावू दिला, तेवढेच. ज्या पाण्यासाठी नळी घातली ते पाणी त्या नळीनेच अडवले, हे मला तेव्हा समजले.

त्यानंतर एकोणीस दिवस गेले. आशाबाईचा उजवा हात सारखा नळीकडे जात होता, म्हणून तो पट्टीने पलंगाला बांधला. नळी काढण्याचे बोलणे निघाले तेव्हा तिचे भाऊ वामनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "हात हालून राह्यला ना बाईचा! तुमाले कायची घाई झाली, जवाईबुवा? दुसरी पाहून ठेवली काय?" मुलगा किशोर म्हणाला, "बाबा, म्या सही केली त म्याच मायले मारलं असं होईन. तुमी करा." मी पेन हातात घेतला आणि खाली ठेवला. तेविसाव्या दिवशी छातीत पू होऊन ती गेली. आजारी पडण्याआधी तिने मला सांगून ठेवले होते, "मले नळ्या लावून ठेवू नोका. घरी आणजा." तिने हे दोनदा तरी सांगितले असेल. मी हो म्हटले होते.

४) माझ्या वतीने निर्णय सून पौर्णिमा आणि मुलगी चंदा यांनी घ्यावा. किशोरला विचारू नये. त्याच्यावर राग नाही. त्याला पुन्हा तो पेन धरायला लावायचा नाही, इतकेच. पौर्णिमाला नेमण्याचे कारण असे की त्या दवाखान्यात तिनेच नर्सला सांगितले, "मी बसतो हात धरून. आधी ते पट्टी सोडा." ती सहा तास बसली. उठली तेव्हा नर्सने पट्टी पुन्हा बांधली.

५) वामनरावांना माझ्या आजारपणाची खबर देऊ नये. गेल्यानंतर फोन करावा. ते आले तर जेवू घालावे.

६) नळी डॉक्टरांनी परस्पर टाकली, असे चंदाला आजवर वाटते. मी तसे वाटू दिले. सही माझी होती आणि तिच्या येण्यासाठी होती, पण चूक तिची नाही. हे वाचून तिने माझी जबाबदारी नाकारली तर मी दुसरे नाव नोंदवीन.

एक प्रत नगरपरिषदेत व एक आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी.

वरील मजकूर नोटरीसमोर वाचून सही केली.

सूर्यभान डोमाजी निमकर्डे

साक्षीदार :
१) किसनराव महादेव उंबरकर
२) इंदूबाई रामभाऊ हागोणे

संमती : पौर्णिमा किशोर निमकर्डे
संमती : चंदा (सही बाकी)

मूर्तिजापूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५

चंदाच्या प्रतीसोबत :

चंदा, सही करायची की नाही ते तू ठरव. फोनवर मला हे सांगता आले नसते. साक्षीदार आपापल्या घरी गेले. किशोर आणि पौर्णिमा शेतात आहेत. पाकिटावर तुझा तेजपूरचा पत्ता लिहिला आहे, पिनकोड दोनदा तपासला. आता हा कागद घडी करून आत घालतो आणि डिंक लावतो.