हुरड्याचं ऑनलाइन बुकिंग आणि माझा शांत स्वभाव

१ डिसेंबर, सोमवार
आजपासून शिस्त. पहाटे वेब डेव्हलपमेंट, दिवसा शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटीची नोकरी, संध्याकाळी कादंबरी. राग पूर्ण बंद. तनुजा म्हणाली, आणि घरातला गॅस कोण बुक करणार? बायकोला कलावंताचं काही सांगण्यात अर्थ नाही.

२ डिसेंबर
पहाट हुकली. थंडी.
कंपनीत मॅनेजर हिमांशू सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, इंद्रजीत, तपासलेल्या मालात गंजके पार्ट कसे? मी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी कादंबरीतल्या मॅनेजरला प्रेस मशीनखाली घातलं. मेला. तरी पुन्हा एकदा घातलं. झोप छान लागली.

७ डिसेंबर, रविवार
करमाडला सासुरवाडीत. सासरे काकासाहेबांनी यंदा रस्त्यालगतच्या रानात खास हुरड्याची ज्वारी पेरलीय. शहरातले लोक हुरडा खायला येतात, पण सगळे शेजारच्या कडुबाकडे. काकासाहेब म्हणाले, जावईबापू, यंदाबी कुणी आलं नाय तर कडुबा गावभर हसंल. मी म्हणालो, वेबसाइट करतो. सगळे गप्प झाले. माझ्या अंदाजानं आदरानं.
तनुजा सगळ्यांसमोर म्हणाली, ही साइट चालली तर खुशाल नोकरी सोडा, मी अडवणार नाही. मेव्हणा सत्यम म्हणाला, दाजी, नुसता फोन नंबर टाकला तरी लई झालं. पुढच्या प्रकरणात त्याला विहिरीत ढकलतो.

१३ डिसेंबर
साइटवरचं बुकिंगचं बटण पानाच्या मधोमध येईना. दोन तास. कीबोर्डवर जरा हात आपटला. कळा उडाल्या, एक आमटीत सापडली. राग नव्हता, कीबोर्डच तकलादू होता. शहागंजात नवा घ्यायला गेलो तर दुकानदार जुन्याकडे बघून म्हणाला, भाई, ये उंगलियों से चलाने की चीज है. त्याचं नाव विचारून ठेवलंय. कादंबरीत बघतो.

२० डिसेंबर
साइट तयार! हिरवी कणसं डुलतात. नाव, तारीख, माणसं भरून बटण दाबलं की मोठ्या अक्षरात येतं: तुमचं बुकिंग झालं, या!
कोर्समध्ये पुढे बॅकएंडचे धडे आहेत. भरलेली माहिती साठवायची कशी, वगैरे. शिकवणारा म्हणतो, हे टाळू नका. पण माझा खलनायक अर्धवट गळा कापलेल्या अवस्थेत पडलाय. माणुसकी म्हणून आधी त्याला वेळ दिला पाहिजे.

३ जानेवारी
शहरातल्या सगळ्या ग्रुपांवर लिंक टाकून आठवडा झाला. एकही बुकिंग माझ्यापर्यंत आलं नाही. काकासाहेबांचा रोज फोन, कोण येतंय का? मी सांगतो, मार्केट थंड आहे.
दाराला लाथ घातली. दार ठीक आहे. अंगठा निळा.
सत्यम म्हणाला, दाजी, तुमीच एकदा भरून बघा ना. भरलं. लगेच आलं: तुमचं बुकिंग झालं, या! म्हणजे साइट उत्तम चालते. दोष लोकांचा.

११ जानेवारी, रविवार, रात्री
डाव्या हातानं लिहितोय.
सकाळी सत्यमचा फोन, दाजी, गाड्या आल्यात, लई आल्यात. तनुजाला घेऊन गेलो. पार जालना रोडपर्यंत गाड्या. प्रत्येकाच्या मोबाइलवर तेच: तुमचं बुकिंग झालं, या! सगळ्यांनी आजचाच रविवार निवडलेला. कुणी येत नाही म्हणून काकासाहेबांनी घरापुरती एकच आगटी पेटवली होती. कणसं भाजायला माणूस नाही, चटणी वाटीभर.
लोक रानात घुसून कणसं ओरबाडू लागले. सिडकोतला एक जण काकासाहेबांच्या अंगावर धावला, म्हणाला, फसवता का? मी त्याला समजावलं. समजावताना त्याचा चष्मा फुटला. मग त्याच्या भावानं मला दह्याच्या पातेल्यानं समजावलं. सत्यम सोडवायला मधे आला, त्याला माझीच बुक्की बसली. मग कोण कुणाला का मारतंय हे कळेनासं झालं. ज्वारीच्या धाटांनी मारामारी. एकाचा बूट आगटीत. दोन बायकांनी एका पोत्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरल्या.
कडुबा बांधावर आला आणि उरलेल्या गाड्या आपल्या रानात वळवून घेऊन गेला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
काकासाहेब प्रत्येक गाडीपाशी जाऊन हात जोडत होते. म्हणत होते, चूक माझी हाय, पोरांची नाय. तेव्हा मला फार वाईट वाटलं. नाक दुखतंय हे त्यानंतर कळलं.

१२ जानेवारी
सरांना नाकाचं कारण सांगितलं, वेब डेव्हलपमेंट.
तनुजा करमाडलाच राहिली.

१८ जानेवारी
बॅकएंड शिकतोय. खरोखर. कादंबरी बंद, आता त्यात मारावं असं कुणी आठवत नाही. आठवतो तो एकच, आणि त्याला मारलं तर निवेदक राहत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
जमलं! भरलेलं बुकिंग आता साठतं. मी स्वतः दहा वेळा तपासलं. काकासाहेबांना फोन केला, उचलला नाही. तनुजाला लिंक पाठवली, म्हटलं, एकदा भरून बघ, आता सगळं नीट आहे.
दुपारी पहिलं खरं बुकिंग आलं. खुर्चीतून उठलोच.
नाव: तनुजा. माणसं: शून्य. तारीख: रिकामी. इतर सूचना: कणसं कडक झाली, आजपासून काढणी सुरू आहे. साइट बंद करा.
तीनदा वाचलं.
तारीख रिकामी असताना फॉर्म पुढे जायलाच नको होता. आता तेच दुरुस्त करत बसलोय.