बाबांची साधी, माझी बॅटरीची

माणगाव,
२३ जानेवारी २०२५

प्रिय सम्यक,

सप्रेम जय भीम. आरोहीला आणि छोटीला आशीर्वाद. छोटीचा खोकला गेला असेल. आमच्याकडे थंडी यंदा चांगली टिकली आहे. गेल्या आठवड्यात काशीदला, ज्यांच्या वाडीत आम्ही तंबू लावतो त्या आवडाबाईंनी मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, बाबांनी दोनदा वाढून घेतली. एकूण आम्ही मजेत आहोत.

सायकलींचा फोटो पाठवल्यापासून तुझे तीन फोन येऊन गेले. तिन्ही वेळा मी गॅसवर दूध आहे म्हणून ठेवला. आपल्या घरात एवढं दूध येत नाही हे तुला माहीत आहे. पण फोनवर तू मधेच प्रश्न विचारतोस आणि माझ्या तोंडून भलतंच निघतं, म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं असं, की सदुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला साधी सायकल आणि धडधाकट बायकोला बॅटरीची, हे उलटं झालं. दुकानदाराने फसवलं की मी हट्ट केला, असं तू विचारलंस. दोन्ही नाही. निवड विचार करून झाली आहे आणि ती बरोबर आहे.

दोन्ही घडीच्या आहेत, हे तर तुला पटेलच. इतकी वर्षं मोठ्या सायकली गाडीच्या मागे दोरीने बांधून नेत होतो आणि प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर यायचा. आता मागची सीट पाडली की दोन्ही आत बसतात, वर तंबू, शेगडी आणि अंथरुणं. बॅटरीची जड आहे, मला एकटीला उचलताना दोनदा थांबावं लागतं. तिची बॅटरी निघते, ती आवडाबाईंच्या ओटीवर चार्जिंगला लावली की झालं. खाऱ्या वाऱ्याने साखळ्या लवकर गंजतात, म्हणून रोज संध्याकाळी फडकं आणि तेल. आणि वाळूत कुठलीच सायकल चालत नाही, मग ती कितीही महाग असो. हे दुकानात कोणी सांगत नाही.

हे सगळं खरं आहे. तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, हे लिहितानाच मला कळतंय.

सप्टेंबरात आम्ही पनवेलला गेलो ते बाबांच्या डोळ्यांसाठी, असं मी तुला सांगितलं होतं. डोळे उत्तम आहेत. आम्ही विसरण्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. पावसाळ्यापासून बाबा तासाभरात तोच प्रश्न तीनदा विचारायला लागले होते. बँकेत सही करताना पेन हातात धरून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजाराची सुरुवात आहे, बरा होणार नाही, पण गोळ्यांनी आणि नेमाने हिंडण्या-फिरण्याने पुष्कळ दिवस चांगले जातील. ज्या माणसाने पस्तीस वर्षं जमीन मोजली, ज्याच्या शब्दावर भावाभावांनी बांध मान्य केले, त्याला हे ऐकावं लागलं. बाबांनी डॉक्टरांचे आभार मानले आणि बाहेर येऊन चहा प्यायला.

डिसेंबरात तुझ्या सांगण्यावरून आम्ही अलिबागच्या ऋत्विकच्या दुकानातून एक बॅटरीची सायकल दोन दिवस वापरून बघायला घेतली. काशीदला आवडाबाईंच्या वाडीत तंबू लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबा पाव आणतो म्हणून निघाले. गावात जायचं म्हणजे दहा मिनिटांचा रस्ता. आठ वाजले, नऊ वाजले. त्यांचा फोन तंबूत उशाशीच होता. मी गाडी काढून आधी नांदगावकडे गेले, कारण पाव तिकडचा त्यांना आवडतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक टपरीवर विचारलं. परत आले तर आवडाबाई वाडीच्या फाटकात उभ्या. त्यांनी तांब्याभर पाणी हातात दिलं. सम्यक, त्या चार तासांत मी तुला फोन लावायला दोनदा घेतला आणि दोनदा ठेवला. ही चूक माझी. ती मी कबूल करते.

सव्वाअकराला ऋत्विकचा फोन आला. सायकलच्या दांडीवर दुकानाचा नंबर चिकटवलेला होता, त्यावर चौलहून एका बागाईतदाराने फोन केला होता. चौल! साळावचा पूल ओलांडून, वीस किलोमीटर. साध्या सायकलवर त्यांच्या गुडघ्यांनी बोर्लीच्या आतच त्यांना खाली बसवलं असतं. बॅटरीने त्यांना न थकवता तिथवर नेलं आणि चौलच्या गल्ल्यांत फिरता फिरता ती संपली.

मी पोचले तेव्हा बाबा सुपारीच्या बागेत खुर्चीवर बसले होते, समोर नारळपाणी. बागाईतदार भागोजी म्हणून, माझ्याच वयाचे. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, साहेब मोजणीला आलो म्हनाले. आमची काय मोजणी न्हाय. पण मी म्हनलं, बसा, कागद आणतो. उन्हात माणूस दमलेला हाय." त्यांनी खरंच जुना सातबारा आणून बाबांच्या हातात दिला होता आणि बाबा तो नीट वाचत होते. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सायकल गाडीत घालून निघालो. रेवदंडा मागे पडला. पुलावर बाबा म्हणाले, "रस्ता मला पाठ होता, रचना. निघालो कशाला, तेवढं हरवलं."

त्यानंतर महिनाभर मी एकच ठरवत होते, सायकल बंद. कॅम्पिंग बंद. फक्त ते त्यांना सांगायचं कसं, हे जमत नव्हतं. दोन दिवसांची म्हणून आणलेली सायकल महिनाभर घरीच पडून होती; ती परत देऊन हिशेब मिटवायला म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला आम्ही दुकानात गेलो. ऋत्विक बिचारा बॅटरीच्या दोन सायकली पुढे काढून बसला होता. बाबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, ब्रेक दाबून बघितले, घडी घालून बघितली. मग म्हणाले, "मला साधी द्या. बॅटरीची हिला. मी पुढे निघून गेलो, तर हिला मला गाठता आलं पाहिजे."

ऋत्विकला ती थट्टा वाटली. तो हसला, बाबाही हसले. मी भिंतीवर टांगलेल्या हेल्मेटांकडे बघत राहिले. महिनाभर मी त्यांना न विचारता त्यांचा निकाल लावत होते, आणि त्यांनी एका वाक्यात आमची दोघांची सोय केली.

म्हणून बाबांची साधी आणि माझी बॅटरीची. आता कळलं?

गेल्या आठवड्यात त्या घेऊन पुन्हा काशीदला गेलो होतो. बाबा पुढे, मी मागे. फाटा आला की ते एक पाय टेकवून थांबतात. मी पोचले की विचारतात, "कुठे?" मी सांगते, उजवीकडे. मग निघतात. फाट्यावरचं तेवढं माझं, बाकीचा रस्ता त्यांचा. एकदा बार्शीवच्या उतारावर थांबले नाहीत. मी बॅटरीचा पूर्ण जोर लावून पुढे जाऊन आडवी उभी राहिले. खूप चिडले माझ्यावर, मला पोर समजतेस का म्हणाले, आणि दुपारी ताट घेऊन वेगळे जाऊन बसले. असेही दिवस येणार. मी त्यालाही तयार आहे.

आरोहीने पुण्यात आमच्यासाठी खोली लावून ठेवल्याचं सांगितलं. तिचं मन मोठं आहे. पण आम्ही आत्ता येणार नाही. तिथे बाबांना चार भिंतींत बसवून मी कशाची राखण करणार? इथे फोन त्यांच्या गळ्यात असतो, खिशात नावाचा कागद असतो, एकटं निघणं बंद आहे, आणि दर तीन महिन्यांनी पनवेल. ज्या दिवशी माझ्या बॅटरीनेही ते गाठले जाणार नाहीत, त्या दिवशी मी स्वतः तुला बोलवीन, आणि तेव्हा दुधाचं निमित्त सांगणार नाही.

फेब्रुवारीत, चौदा ते अठरा, हरिहरेश्वर. तू ये. सायकल आण. बाबांच्या पुढे जाऊ नकोस, बरोबरीने चालव.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांच्याबद्दलचं त्यांच्या पाठीमागे पाठवणं बरं वाटेना. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सम्यकला सांगू नको असं मीच तुला म्हटलं होतं. तो मला सगळे रस्ते विचारायचा ना लहानपणी, म्हणून. तेही लिही."

म्हणून लिहिलं. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने चार शब्द घातले आहेत. अक्षर हललंय, पण कोणी सांगितल्याशिवाय लिहिलंय.

तुझी,
आई

ऐकलं. सगळं खरं आहे. लवकर ये, मी तुला ओळखीन.
— रामजी (बाबा)