एकटीचा फोटो

रायपूर, १ ऑगस्ट २००१

ती. रमाआत्येस शिशिरचा शि. सा. नमस्कार.

आज लिहू, उद्या लिहू करता करता अख्खा आषाढ वाहून गेला. रागावली असशीलच. रागाव, पण पत्र पूर्ण वाच.

गोलबाजारातल्या नरहरीभाऊंच्या स्टुडिओत मी फोटो काढायला शिकून राहिलो. रायपूर राजधानी झाल्यापासून ज्याला त्याला ओळखपत्र पाहिजे, म्हणून इथे बाकावर जागा नसते. स्टुडिओचा एक काळा कोट आहे. बारीक माणसाला घातला की पाठीला चिमटे लावतो. परवा एका वकिलाने चिमट्यांसकट रस्ता ओलांडला! असो, मुद्दा राहिलाच.

नरहरीभाऊ म्हणतात, काचेतून पाहण्याआधी माणसाशी बोल, फोटो कोणाला पाठवणार ते विचार. काल सिलतऱ्याच्या कारखान्यातला एक जण आला, दगडासारखा बसला. मी विचारलं तर म्हणाला, हव, दाईला पाठवायचा. इकडे आईला दाई म्हणतात. मग दाईचं बोलता बोलता त्याचा चेहरा असा उजळला की मी खटका दाबायचाच विसरलो. तो गेल्यावर लक्षात आलं, माझ्याकडे तुझा एकही फोटो नाही.

पोळा झाला की ओळखपत्रांच्या कामाला जीपने बस्तरला जायचं आहे. किती महिने, कोणी सांगत नाही. त्याआधी तुझा फोटो पाठव, एकटीचा.

तुझ्या शिव्यांची वाट पाहतो. माया पातळ करू नकोस.

तुझा शिशिर

गोंदिया, ९ ऑगस्ट २००१

चि. शिशिर यास रमाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोट्ट्या, एकटीचा फोटो काहून पाहिजे तुले? एकट्या बाईचा फोटो भिंतीवर जातो अन् त्याले हार चढतो. मले अजून लय कामं आहेत.

तरी तुझा हट्ट. म्हणून शेजारच्या सुशीलेले सोबत नेलं, दोघींचा काढला अन् घरी येऊन कात्रीनं कापला. तिचा खांदा थोडा राहिला आहे, तो धरू नको. सुशीला फुगून बसली, म्हणते मले काहून कापलं. फोटोवाला मेला सारखा ओरडे, हलू नका, हसू नका. आता मी न हलता कधी बसली का?

वहिनी गेल्यापासून तुले मी वाढवलं ते काय कागदावर तोंड पाहाले? रेल्वेची परीक्षा सोडली, मी बोलली नाही. आता बस्तर म्हणतोस. जाण्याआधी एक दिवस घरी ये. मी रायपूरले येणार नाही. स्टेशनचा पूल माझ्या गुडघ्यांनी चढवत नाही, अन् एकटी मी कधी गाडीत बसली नाही, तुले माहीत आहे.

वेळेवर जेवत जा. जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात ठेव.

रमाआत्या

रायपूर, १७ ऑगस्ट २००१

ती. आत्येस शि. सा. नमस्कार.

फोटो मिळाला. सुशीलाकाकूचा खांदा मात्र झकास आला आहे.

पण आत्या, ही तू नाहीस. ओठ शिवल्यासारखे, डोळे घाबरलेले. त्या माणसाने तुला एक अक्षर विचारलं नसेल. तू बोलताना एक भुवई वर जाते, शिव्या देतानाच हसू फुटतं, ते यात कुठेच नाही. मोठा करणाऱ्या भिंगाखाली ठेवून पाहिलं, तर नुसते ठिपके. दिवसभर मी दुसऱ्यांच्या आयांचे चेहरे काढतो. संध्याकाळी तुझा आठवायला बसलो तर आधी आवाज येतो, हात येतात, चेहरा मागेच राहतो. भीती वाटते, बस्तरहून परतेपर्यंत हा कागदच खरा वाटायला लागला तर?

घरी यायला सुटी मागितली. नरहरीभाऊंचा नाइलाज आहे, जीप परवाच निघते. समता कॉलनीत त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, तुझ्या गुडघ्यांचं त्यांना विचारलं, ते म्हणाले की

थांब. बाहेर गलका झाला. कोणीतरी बाई नरहरीभाऊंना झापून राहिली, की हा कोट शेवटचा कधी धुतला होता, अन् माझ्या पोट्ट्याले जेवाले देता की नाही.

पडद्याच्या फटीतून पाहिलं. आत्या, बाकावर चपला काढून, गुडघे चोळत तू बसली आहेस. भुवई वर आहे. मी इथे आहे हे तुला अजून दिसलं नाही. रोल भरलेला आहे, उजेड चांगला आहे, पण आधी तुझ्याशी बोलायचं आहे.

कॅमेरा टेबलावरच राहू दे. आलो.