हिरवी खूण

सोमवार, ३ मार्च

हिरवी खूण आली! एकदाची!

आई इस्त्री करत होती, तिला समजावत बसले. आमचा प्रोग्रॅम आम्ही एका बंद पेटीत घालून देतो. त्याला कंटेनर म्हणतात, लागणारं सगळं आतच. आता सरकारी दवाखाने तो वापरणार, रुग्णांच्या नोंदींसाठी. सरकारचा नियम असा, की त्यांनी मान्य केलेल्या कुलपांनीच माहिती बंद करायची. जुनं, तकलादू कुलूप मागितलं तर पेटीने ‘नाही’ म्हणायला हवं. मी मुद्दाम जुनं मागून बघते. नाही म्हणाली, की हिरवी खूण.

‘मग म्हणाली का?’

‘म्हणाली.’

‘गुणाची गं!’ — पेटी की मी, कोण जाणे.

घरात शाळा पुरी केलेली मीच पहिली. त्यामुळे माझं काहीही आईला मोठंच वाटतं. संध्याकाळी शेजारणीला सांगताना ऐकलं, ‘आमची सरकारची कुलपं तपासते.’ अंगावर काटा आला.

मंगळवार, ४ मार्च

आमचा कोड सगळ्या जगाला उघडा. कोणीही वाचावा, कोणीही शंका काढावी. आज ‘घुबड’ नावाच्या कोणीतरी काढली. खरं नाव माहीत नाही. ‘पेटी नाही म्हणते हे दिसलं. पण का नाही म्हणते, ते कुठे तपासलंय?’

मी उत्तर लिहिलं. चांगलं लांबलचक. शेवटी — ‘शंका घेण्याआधी नियम एकदा वाचून घ्यावेत, ही विनंती.’

कोणीतरी खाली हसरे चेहरे टाकले. आमचे साहेब, ज्यांना सगळे मागून हेडमास्तर म्हणतात, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, ‘बरी हजामत केलीस त्याची!’ मी दिवसभर तरंगत होते.

बुधवार, ५ मार्च

घुबडाचं खरं आहे.

गॅस बंद आहे का ते तीनदा बघणारी मी! हे एकदाही उघडून बघितलं नाही. आज सहज आतला निरोप वाचला. पेटीने नकार दिलाच नव्हता. पेटी लहान ठेवायची म्हणून आम्ही अडगळ काढून टाकतो. त्यात ज्या अवजाराला मी प्रश्न विचारत होते, तेही गेलेलं. ‘असं काही इथे नाही’ — एवढंच उत्तर येत होतं. मी त्यालाच नकार समजले. घरात कोणी नाही आणि मी दारावर थाप मारून खूश, की बघा, कसं कडेकोट बंद आहे!

ते अवजार परत आत ठेवलं. जुनं कुलूप मागितलं. लगेच दिलं! मुकाट, आज्ञाधारक. म्हणजे आत मान्य कुलपं नाहीतच. साधीच आहेत.

कान इतके तापले की पाणी मारून आले.

हेडमास्तर समोरच बसलेले. पाच पावलं. मी उठले नाही.

गुरुवार, ६ मार्च

का सांगत नाही? स्वतःलाच विचारते आहे. पुढच्या आठवड्यात माझी नोकरी पक्की व्हायची आहे, हे एक. पण खरं कारण ते नाही. खरं म्हणजे ‘हिला कळत नाही’ हे कोणाच्या तरी डोळ्यांत दिसेल, त्याची भीती. बाकीच्यांची चूक ही नुसती चूक असते. माझी झाली की वाटतं, आता म्हणतील — बघा, होतीच आतून कच्ची.

पेटी १४ तारखेला जायची आहे. तोवर गुपचूप दुरुस्त केलं, तर कुणाचं काय बिघडलं?

आईने विचारलं, ‘तोंड का असं?’ ‘झोप नाही,’ म्हटलं. खोटं.

शुक्रवार, ७ मार्च

दिवसभर तेच. मान्य कुलपांचा संच आत बसवायला गेले, तर प्रोग्रॅम तीन ठिकाणी कोसळला. सकाळीच हेडमास्तरांनी जाता जाता विचारलं, ‘काय गं, एवढं काय करतेस?’ ‘जरा साफसफाई.’ ते म्हणाले, ‘चकचकीत करशील हां!’ आणि हसत गेले.

घुबडाला हसणारे चेहरे वाढलेत. माझं उत्तर तिथेच आहे, सगळ्या जगासमोर. दोनदा पुसायला गेले. पुसलं तर विचारतील, का पुसलं?

रविवार, ९ मार्च

झालं! घरी बसून केलं. जुनं कुलूप मागितलं तर आता स्पष्ट नकार — या वेळी निरोप शब्द न् शब्द वाचला. उद्या सकाळी आत सरकवून देईन. सोबत टिपणी लागते. लिहिलं — ‘किरकोळ सुधारणा’.

किरकोळ!

आईने ताट समोर ठेवलं. म्हणाली, ‘हसलीस बाई एकदाची.’ घास फिरत राहिला तोंडात.

सोमवार, १० मार्च

पेटी शुक्रवारी दुपारीच गेली. १४ ची वाट बघितली नाही. दवाखान्यांत आज सकाळपासून लोकांचे आजार तिच्यात भरले जाताहेत. हेडमास्तर कौतुकाने सांगत होते, ‘तुझं ते उत्तर वाचलं, म्हटलं आता थांबायचं कशाला?’

उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बुधवारपासून माहीत होतं, तेसुद्धा.

ते ओरडले नाहीत. दवाखान्यांना फोन लावायला घेतला, मध्येच थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘शुक्रवारी विचारलं होतं गं मी तुला.’